बाहेरच्या प्लास्टरचा नुसता ‘रेट’ सांगणं बंद करा



प्लास्टरिंगचं काम स्वतंत्रपणे घेणारे, म्हणजे कालपर्यंत दुसऱ्याकडे गवंडीकाम करणारे आणि आता स्वतःची टीम उभी करू पाहणारे बरेच जण आपल्या चॅनलवर आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “मॅडम, बाहेरच्या प्लास्टरचा रेट काय सांगू?”

माझं मत सरळ आहे. वीट बांधकामाच्या घराला बाहेरून प्लास्टर करायचं असेल, तर नुसता स्क्वेअर फुटाचा एक आकडा सांगूच नका. आतल्या खोल्यांना तो आकडा चालून जातो. बाहेरच्या भिंतीला चालत नाही. तिथे तुम्ही प्लास्टर विकत नसता, पुढची अनेक वर्षं पाणी आत येणार नाही ही खात्री विकत असता. ती खात्री ज्या कामांतून येते, त्यातलं एकही काम त्या एका आकड्यात दिसत नाही. आणि जे दिसत नाही, ते घासाघीस झाली की सगळ्यात आधी कापलं जातं.

हिशोबासकट सांगते. पण आधी एक गोष्ट उघड करते. माझं बिल्डिंग मटेरियलचं दुकान आहे. सिमेंटची पोती जास्त गेली तर माझा फायदाच आहे. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका, खालचे आकडे स्वतः वहीत मांडून बघा.

भिंत नेमकी कशाने बिघडते?

वीट पाणी पिते. आपल्याला हे माहीत असतं, पण त्याचा अर्थ लक्षात घेतला जात नाही. कोरड्या भिंतीवर माल थापला की वीट त्यातलं पाणी ओढून घेते. सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं. तेच निघून गेलं तर माल नुसता वाळतो, पकडत नाही. वरून भिंत छान दिसते, पण काठीने टकटक केलं की डब्यासारखा पोकळ आवाज येतो. तिथलं प्लास्टर आज ना उद्या सुटणार.

दुसरं कारण बीमची रेघ. आरसीसी आणि वीट उन्हात सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, सारख्या प्रमाणात आकसतही नाहीत. त्यामुळे जिथे वीटकाम आणि बीम-कॉलम भेटतात, तिथे प्लास्टरला केसासारखी भेग जाते. पावसाळ्यात तीच भेग पाणी आत ओढते. घरमालक म्हणतो, “स्लॅब गळतोय.” अनेकदा स्लॅब ठीक असतो, पाणी बीमखालच्या त्या रेघेतून येत असतं.

तिसरं, परांचीची भोकं. एकेरी परांची बांधली की आडव्या लाकडांचं एक टोक भिंतीत घुसवावं लागतं. काम संपल्यावर ती भोकं घाईघाईत वरवर बुजवली जातात. पुढे ओलाव्याचे गोल डाग उमटले, आणि ते एका ओळीत, सारख्या अंतरावर असले, तर परांची कुठे बांधली होती ते भिंतच सांगते.

चौथं, वाळू. गाळ किंवा दगडाची भुकटी जास्त असलेल्या वाळूने भिंतीवर जाळीदार भेगा पडतात. कोकणातल्या मंडळींनी खाडीच्या वाळूपासून लांब राहावं. त्यातलं मीठ भिंतीवर पांढरं होऊन फुलतं, आपण ज्याला लोणा लागणं म्हणतो ते.

आणि पाचवं, सगळ्यात मोठं कारण : पाणी मारणं. प्लास्टर हाताला टणक लागलं की त्यावर पाणी सुरू करायचं आणि किमान सात दिवस भिंत ओलसर ठेवायची. हे मी मनाने सांगत नाही. सिमेंट आणि सिमेंट-चुना प्लास्टरच्या कामासाठी भारतीय मानक आहे, आयएस १६६१, १९७२ सालचं. त्यातही सात दिवस ओलं ठेवा असंच सांगितलंय. ५० वर्षांहून जुना नियम आहे, पण गावोगावी तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवलेला असतो.

आता हिशोब

समजा १००० स्क्वेअर फूट बाहेरची भिंत आहे, म्हणजे आपल्या भाषेत १० ब्रास. दोन थरांत मिळून २० मिलिमीटर जाडी. पहिला थर १२ ते १४ मिलिमीटर, वरचा सँडफेसचा थर ६ ते ८.

२० मिलिमीटर म्हणजे ०.०६५६ फूट. गुणिले १००० केले की साधारण ६६ घनफूट ओला माल. विटांचे सांधे, खड्डे, वाया जाणारा माल यासाठी २० टक्के वाढवा, ७९ घनफूट. ओला माल तयार करायला कोरडा माल जास्त लागतो, त्यासाठी १.३ ने गुणा, १०२ घनफूट.

आता १:४ प्रमाण धरलं, तर याचे पाच भाग करायचे. एक भाग सिमेंट, म्हणजे २० घनफुटांच्या थोडं वर. ५० किलोच्या पोत्यात साधारण सव्वा घनफूट सिमेंट बसतं. म्हणजे १७ पोती लागली. वाळू ८२ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासच्या थोडी वर.

हेच काम १:६ ने केलं, तर १२ पोत्यांत होतं. वाचली ५ पोती. पोतं ३५० रुपयांचं धरलं, तर १,७५० रुपये. १००० फुटांवर वाटले तर फुटाला पावणेदोन रुपये. ज्या ‘कटिंग’मुळे भिंत कमजोर होते, ते कटिंग फक्त पावणेदोन रुपयांचं आहे!

उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडम पोती खपवतायत. १:४ पेक्षा तेज माल करू नका. १:२ किंवा १:३ चा जाड थर मारला की तो सुकताना जास्त आकसतो आणि भेगाळतो. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत, हा गैरसमज आहे. जास्त सिमेंटने माझं बिल वाढेल, तुमची भिंत सुधारणार नाही.

दुसरा खर्च, जाळी. बीम-कॉलमच्या रेघेवर साधारण एक फूट रुंदीची कोंबडी जाळी, अर्धी विटेवर आणि अर्धी आरसीसीवर, ताणून खिळवायची. अशा घराला समजा २०० फूट रेघ निघाली, आणि जाळी, खिळे, मजुरी मिळून फुटाला १० रुपये धरले, तर २,००० रुपये. म्हणजे भिंतीच्या फुटाला २ रुपये.

तिसरा खर्च, पाणी मारणारा माणूस. सात दिवस, दिवसातून दोन-तीन वेळा. अर्ध्या दिवसाची मजुरी ३०० धरली तर २,१०० रुपये. फुटाला २ रुपये १० पैसे.

बेरीज करा : १.७५ अधिक २ अधिक २.१०. झाले ५ रुपये ८५ पैसे. भाव तुमच्या गावचे टाका, आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण टिकणाऱ्या आणि दुसऱ्या पावसात फुगणाऱ्या भिंतीतला मोठा फरक या फुटामागच्या सहा रुपयांत आहे.

सहा रुपयांसाठी तुम्ही काय गमावता?

समजा समोरच्या ठेकेदाराने मालासकट ४५ रुपये सांगितले. तुमचा नीट कामाचा भाव ५१ बसतो. काम जाईल या भीतीने तुम्हीही ४५ वर आलात. आता ते सहा रुपये कुठून तरी काढावे लागणार, कारण गवंडी मजुरी सोडणार नाही आणि मी सिमेंट फुकट देणार नाही. मग पोती कमी होतात, जाळी राहून जाते, आणि “पाणी तुम्ही मारा हं काका” असं घरमालकाला सांगून तुम्ही पुढच्या साइटवर जाता.

४५ हजारांच्या कामात १२ टक्के नफा धरला तर ५,४०० रुपये सुटले. दुसऱ्या पावसाळ्यात फोन येतो, “दादा, पश्चिमेची भिंत फुगलीय.” गाव लहान आहे, फोन न उचलून चालत नाही. एक गवंडी ९०० आणि एक मजूर ६००, चार दिवस, ६,००० रुपये. परांची पुन्हा उभी करा, २,५००. सिमेंट, वाळू, राडारोडा उचलणं, आणखी २,५००. एकूण ११,००० रुपये. दोन कामांचा नफा एका फोनमध्ये गेला. वरच्या रंगाचा खर्च मी धरलेलाच नाही, त्याचं भांडण वेगळं होईल.

आणि घरमालकाचं काय? त्याच्यासाठी हे आयुष्यातलं एकच घर असतं. बँकेचा हप्ता चालू असतो. नव्या घराच्या भिंतीवर ओल दिसली की घरात काय वातावरण होतं, ते काउंटरवर वॉटरप्रूफिंगचा डबा मागायला येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मला दर जुलैमध्ये दिसतं. डब्याने ते काम होत नाही हे त्यांना सांगताना मला बरं वाटत नाही.

“पाणी आम्ही मारू” हे वाक्य मान्य करू नका

माझा सगळ्यात जास्त आग्रह या मुद्द्यावर आहे. बहुतेकांचा विरोधही इथेच असतो.

आपल्याकडे बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. पाया, जोतं, भिंती, स्लॅब करता करता बाहेरचं प्लास्टर येतं एप्रिल-मेमध्ये. मृगाच्या आधी उरकायचं असतं, अनेकांना अक्षय्य तृतीयेचा वास्तुशांतीचा मुहूर्त गाठायचा असतो. म्हणजे ज्या कामाला सर्वाधिक पाणी लागतं, ते काम आपण वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत करतो. मराठवाड्यात त्या दिवसांत कित्येक गावांत प्यायचं पाणी टँकरने येतं. अशा वेळी घरमालकाची बायको पिण्याचं पाणी भिंतीवर मारेल, अशी अपेक्षा तुम्ही कशी करता?

म्हणून पाणी मारणं ही ठेकेदाराची जबाबदारी असली पाहिजे आणि कोटेशनमध्ये तिची स्वतंत्र ओळ असली पाहिजे. टँकर लागणार असेल तर त्याचा खर्च कुणाचा, तेही आधीच लिहा. उन्हाच्या भिंतीवर गोणपाट लटकवून ओलं ठेवलं तर पाणी बरंच कमी लागतं. भर दुपारी बारा वाजता तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर माल थापू नका, सकाळी पश्चिम आणि दुपारी पूर्व असा सावलीचा क्रम धरा. याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

काही जण म्हणतील, “आमची माणसं पुढच्या साइटवर जातात, एका भिंतीसाठी सात दिवस माणूस कोण ठेवणार?” बरोबर आहे, म्हणूनच त्याचे पैसे घ्या. त्याच गल्लीतल्या कुणाला तरी अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर लावा. रोज एक फोटो व्हॉट्सॲपवर मागवा आणि तोच घरमालकाला पाठवा. सात दिवसांचे सात फोटो. तुमच्या गावात असे फोटो कोण पाठवतं? तुम्ही पाठवा, पुढचं काम त्या फोटोंवर मिळेल.

कोटेशन असं लिहा

एका ओळीऐवजी नऊ ओळी. भाषा साधी ठेवा, घरमालकाला कळली पाहिजे :

१. वीटकामाचे सांधे साधारण १० मिलिमीटर खरवडणे, भिंत झाडणे, धुणे, आदल्या दिवशी भिजवणे. आरसीसीच्या गुळगुळीत भागाला टाचे मारणे.
२. दुहेरी परांची, म्हणजे भिंतीत भोकं न पाडता दोन ओळींत उभी केलेली.
३. बीम-कॉलमच्या रेघेवर आणि जिथे पाइपसाठी झिरी मारली आहे तिथे जाळी.
४. ओळंब्यात ठिय्ये मारून पहिला थर, १:४. ओला असतानाच त्यावर नागमोडी रेघा ओढणे, म्हणजे वरचा थर पकडेल. दोन-तीन दिवस पाणी.
५. वरचा सँडफेसचा थर. काम वरून खाली.
६. छज्जा, बाल्कनी आणि खिडकीवरच्या पट्टीखाली पाणी तुटण्यासाठी खाच. कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूला उतार.
७. सात दिवस पाणी मारणे, रोजच्या फोटोसह.
८. टँकर लागल्यास खर्च कुणाचा.
९. पहिल्या पावसाळ्यानंतर एक तपासणी.

सहाव्या ओळीतली खाच अगदी लहान दिसते. पण ती नसेल तर छज्ज्याच्या टोकावरून पाणी खाली न पडता छज्ज्याच्या पोटाखालून सरकत भिंतीकडे येतं. पागोळी भिंतीपासून लांब पडली पाहिजे, हे आपल्या कौलारू घरांना कळत होतं. सिमेंटच्या घरांत आपण ते विसरलो.

आणखी तीन गोष्टी साइटवर पाळा. माल अर्ध्या-पाऊण तासात संपेल तेवढाच कालवा, घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू नका. दिवसाचं काम कोपऱ्यावर थांबवू नका, कोपऱ्यापासून अर्धा फूट तरी अलीकडे सरळ रेषेत तोडा. आणि वाळू उतरवून घेण्याआधी पारदर्शक बाटलीत वाळू-पाणी हलवून ठेवा. खाली वाळू बसेल, वर गाळाचा थर. तो थर वाळूच्या थराच्या ८ टक्क्यांच्या वर दिसला, तर गाडी परत पाठवा, माझ्या दुकानातून आलेली असली तरी.

वॉटरप्रूफ लिक्विड? जरूर वापरा, डब्यावर पोत्यामागे जितकं लिहिलंय तितकंच. पण ते वरच्या नऊ ओळींच्या सोबतीला, त्यांच्या बदल्यात नव्हे.

“पण गिऱ्हाईक फक्त रेट बघतं!”

हा आक्षेप खरा आहे. काही लोक फक्त रेटच बघणार, आणि ते काम समोरच्याला जाणार. जाऊ द्या. पण माझा अनुभव असा आहे की बहुतेक घरमालक रेट बघतात कारण त्यांना बघायला दुसरं काही दिलेलंच नसतं. दोन चिठ्ठ्या समोर आहेत, एकावर ४५ आणि एकावर ५१. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?

आता एकावर ४५ आणि दुसऱ्यावर नऊ ओळी आणि खाली ५१. तो पहिल्याला फोन करून विचारणारच : “जाळी धरलीय का? पाणी कोण मारणार?” तुमचं कोटेशन तुमच्या वतीने समोरच्याला प्रश्न विचारतं. आणि घरमालक म्हणाला, “जाळी काढून टाका, कमी करा,” तर काढा, पण ती ओळ खोडून त्याची सही घ्या. बरेच जण सही करायच्या वेळी थांबतात.

त्याच्या पुढचं पाऊल. मजुरीतले ५ टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर घेईन, असं स्वतःहून सांगा. काम संपल्यावर घरमालकाच्या हातात लाकडी काठी द्या, “काका, पूर्ण भिंतीवर टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर तिथे खूण करा, मी तेवढं फोडून परत करतो.” ज्याने नीट काम केलंय तोच असं बोलू शकतो. ४५ वाल्याला हे परवडत नाही.

मात्र एक काळजी घ्या. हमी फक्त तुमच्या प्लास्टरची द्या. जोत्यातून वर चढणारी ओल, बाथरूमच्या पाइपची गळती, गच्चीवरचं साचलेलं पाणी हे प्लास्टरने थांबत नाही. अशी ओल दिसली तर आधी ती दुरुस्त करायला सांगा आणि तसं कोटेशनवर लिहा. कुणी म्हणालं, “वरून जाड प्लास्टर मारून टाका, दिसणार नाही,” तर ते काम सोडा. ते प्लास्टर पडेल आणि नाव तुमचं जाईल.

या आठवड्याचं काम

तुमच्या गावात दोन-तीन वर्षांपूर्वी प्लास्टर झालेली पाच घरं बघा. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत आधी बघा, कारण आपल्याकडचा पाऊस मुख्यतः त्याच बाजूने झोडपतो. बीमखालची रेघ, छज्ज्याचं पोट, गोल डागांच्या ओळी शोधा. परवानगी घेऊन काठीने ठोका. फोटो काढा. कुणी काम केलं होतं ते विचारत बसू नका, त्याची बदनामी करून तुमचा धंदा वाढणार नाही. फक्त वर सांगितलेल्यांपैकी काय राहून गेलं होतं, ते प्रत्येक फोटोखाली लिहा.

मग नऊ ओळींचं कोटेशन तुमच्या गावच्या भावाने टाइप करा, आणि पुढचं गिऱ्हाईक “रेट काय?” म्हणालं की त्याच्या हातात ते द्या. आकडा सगळ्यात खाली असू द्या.

कोटेशन तयार झालं की मला पाठवा. चांगली दोन-तीन निवडून पुढच्या व्हिडिओत, नाव न घेता, ओळ न् ओळ बघू.